माशी बांधायला घेतली आणि तिथेच माशी शिंकली (नवशिक्याला मदत हवी)

ऐरोलीचा_बगळा
मंडळी, गळ टाकायचा नाद लहानपणापासूनचा, पण फ्लाय फिशिंगचं खूळ या दिवाळीपासूनचं. मेहुणा परदेशातून येताना सहा नंबरचा फ्लाय रॉड घेऊन आला आणि सोबत बारा ‘माशा’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्लाय म्हणजे हुकावर पिसं, केस, लोकर असलं काहीबाही दोऱ्याने बांधून केलेलं खोटं आमिष. वजन जवळजवळ नाहीच, म्हणून माशी फेकायची नसते. जाड लाइन फेकायची, माशी तिच्यामागून निमूट जाते.

बारांपैकी सात खारफुटीने ठेवून घेतल्या, तीन तारेच्या कुंपणाने. एक माझ्याच टोपीत घुसली आणि टोपीसकट खाडीत गेली. उरली एक. ती हातात धरून बघितली आणि वाटलं, यात आहे काय एवढं? दोरा आणि पिसं. घरीच बांधू.

हुक घट्ट धरून ठेवायला टेबलाला आवळायचा स्वस्तातला व्हाइस मागवला. दोरा बायकोच्या शिवणाच्या डब्यातला, चकचकीत एम्ब्रॉयडरीचा. पिसं कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडची (तो अजून माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो). दहा माशा बांधल्या, दहाच्या दहा पाण्यात पाच मिनिटांत सुटल्या. आधी डोक्याकडची शेवटची गाठ उसवते, मग दोरा, मग पिसं, आणि हातात नुसता हुक. व्हिडिओतला माणूस बोटं फिरवतो आणि झालं. तोच तुकडा मी पाव वेगाने निदान चाळीस वेळा पाहिलाय.

ती गाठ कशी मारायची आणि सामान ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळेल, एवढं सांगा. सगळं बाहेरून मागवायचं तर कस्टम आणि बायको, दोघांना उत्तर द्यावं लागतं.

रिकामटेकडा_कोपरी
म्हणजे इतके दिवस नुसत्या माशा मारत होतात, आता बांधायलाही लागलात. प्रगती आहे.

नौपाड्याची_सुई
मासेमारीतलं मला शून्य कळतं, दोऱ्यातलं कळतं. पंचवीस वर्षं भरतकाम शिकवतेय. तुमचा तो चकचकीत दोरा रेयॉनचा असणार. दिसायला छान, पण गुळगुळीत, गाठ धरत नाही, आणि ओला झाला की आणखी कच्चा पडतो. आणि तुम्ही तो बुडवताय खाडीत! पॉलिस्टरचा घ्या, त्यातही ओव्हरलॉकला वापरतात तो बारीक. जांभळी नाक्याला शिलाईच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळेल.

दुसरं म्हणजे ताण. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी दोरा मुद्दाम तोडायला लावते. दहादा तोडा. कुठे तुटतो ते हाताला कळलं की त्याच्या जरा अलीकडे थांबायचं.

जुना_गळ
सुईताई, नमस्कार घ्या. फ्लाय बांधायला शिकवणारेही पहिला धडा हाच देतात, हुकावर दोरा गुंडाळायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा.

बगळेभाऊ, मी हे अठरा वर्षं करतोय. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटच्या मागे गेलो होतो, तिथून हा रोग घेऊन आलो. तुमचं दुखणं गाठीत कमी आणि जागेत जास्त आहे. नवशिका शेपूट, अंग, पिसं सगळं पुढेपुढे रेटत हुकाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे लाइन ओवायच्या भोकापर्यंत आणतो. मग डोकं बांधायला जागा उरत नाही, गाठ उतारावर बसते आणि घसरते. डोळ्यामागे आणखी दोन डोळे मावतील एवढी दांडी अगदी शेवटपर्यंत उघडी ठेवायची. पहिल्या पाच माशांना ती जागा स्केचपेनने रंगवून ठेवा. रंगावर दोरा गेला की स्वतःला एक चापट.

आणि दहा प्रकारच्या दहा माशा बांधू नका, एकाच प्रकारच्या दहा बांधा. तुमची दहावी माशी पहिलीच्या शेजारी ठेवलीत तर पहिली कोणी बांधली असा प्रश्न पडेल.

यष्टीमागचा
गाठीचं मी सांगतो. बॅटच्या हँडलला दोरा बांधताना पाहिलाय का कधी? आमच्या लहानपणी ठाण्यात गल्लीतला एक जण पाच रुपयांत बांधून द्यायचा. तो शेवटी गाठ मारायचाच नाही. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की दोऱ्याचा एक फास हँडलवर आडवा ठेवायचा, त्याच्यावरूनच ते वेढे घ्यायचा, दोऱ्याचं टोक फासात ओवायचा आणि फास खेचायचा. टोक वेढ्यांच्या पोटात गडप. जेवढी ओढ बसेल तेवढं घट्ट. फ्लायवाले ज्याला व्हिप फिनिश म्हणतात ते मी व्हिडिओत आत्ता पाहिलं, तत्त्व तेच आहे. टोक स्वतःच्याच वेढ्यांखाली दाबायचं.

ऐरोलीचा_बगळा
यष्टीमागचा, तुम्हाला साष्टांग. चाळीस वेळा व्हिडिओ पाहून जे कळलं नाही ते बॅटने कळलं. म्हणजे वेगळा फास टाकूनही चालेल?

जुना_गळ
चालेल काय, धावेल. नायलॉनच्या बारीक लाइनचा फास घ्या, पाच वेढे, खेचा, कापा. नंतर बोटांनी करायला शिका. डोक्यावर पारदर्शक नेलपेंटचे दोन हात. पहिला पूर्ण वाळू द्यायचा, ओल्यावर दुसरा देऊ नका.

खारबंदी_उरण
मी तं सांगतू, या सगल्याची गरजच नाय. आमचे बाबा बोलायचे, जिताऱ्याला जित्ती कोलबी दाव, मंग बघ. खाडीत कोलबी फुकट हाय. पिसं बांधायची, वार्निस लावायचं, आनि मासा येल का नाय ते कुनाला म्हायती? शिरीमंतांचे खेल.

जुना_गळ
खारबंदीभाऊ, जिवंत कोळंबीने मासा जास्त लागतो हे कोणीच नाकारत नाही. पण पतंग विकत मिळतात म्हणून मांजा घोटायचा सोडतो का कोणी?

आणि श्रीमंतीचं म्हणाल तर या खेळाचं सगळ्यात जुनं वर्णन सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचं आहे. एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या नदीवरचे लोक काय करतात ते लिहून ठेवलंय. हुकाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं लावायची. संपलं सामान. यातलं काय उरणला मिळत नाही?

पाणथळ
अवांतर, पण आपल्याकडेही कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद असं प्रकरणच आहे. बाराव्या शतकातलं. कोणत्या माशाला काय चारायचं, गळ कसा टाकायचा, सगळं. त्यामुळे शिरीमंतांचे खेळ हे अगदीच खोटं नाही, राजाच खेळत होता :)

मुद्द्याचं असं की पिसांच्या बाबतीत कायदा सांभाळा. मी पक्षी बघणारा माणूस, म्हणून आधीच सांगतो. येऊरला फिरायला गेलात आणि खंड्याचं निळं पीस दिसलं, तर फोटो काढा आणि तिथेच ठेवा. राखी रानकोंबड्याचं तर नावच काढू नका. आपल्या सह्याद्रीतल्या या पक्ष्याच्या मानेवर मेणाच्या थेंबांसारखे ठिपके असलेली पिसं असतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सॅमन माशांच्या फ्लायसाठी त्यांना इतकी मागणी होती की इथून ती मानच्या मान जायची. आज १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली ते चालत नाही. मोराचं नैसर्गिकपणे गळलेलं पीस देशात बाळगायला अडचण नाही, पण बाहेर पाठवायला बंदी आहे. चितळ-सांबराचे केसही नकोत.

आणि गळ कुठे टाकताय? ऐरोली ते वाशी पुलाच्या मधला खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ठाणे खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. आधी खात्री करा.

ऐरोलीचा_बगळा
अभयारण्याच्या हद्दीत नाही टाकत, शपथ. माझी जागा पनवेलच्या पलीकडे आहे. पिसं फक्त चिकनवाल्याची, तीही तुमच्यासमोर कबूल केलीत.

दातांचा_डॉक्टर_वाशी
सामानाबद्दल: पीस धरून हुकाभोवती फिरवायला हॅकल प्लायर म्हणून चिमटा लागतो. मी जुना आर्टरी फोर्सेप वापरतो, दातांवर रबरी नळीचा तुकडा चढवून, म्हणजे पीस तुटत नाही. वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळतो. नेलपेंटच्या जागी नखांची यूव्ही जेल आणि तिचा छोटा दिवाही चालतो, फक्त वरून जरा चिकट राहते, स्पिरिटने पुसा.

आणि एक कळकळीची विनंती. बांधायला बसण्याआधी हुकाचा काटा, ती उलटी जीभ, पक्कडीने दाबून टाका. मी दाबला नव्हता. मध्यरात्री अंगठ्यात एक नंबरचा हुक घेऊन इमर्जन्सीला गेलो. ड्यूटीवरची मुलगी विचारते, “सर, पाण्यात होतात का?” म्हटलं, नाही, हॉलमध्ये होतो.

रिकामटेकडा_कोपरी
डॉक्टरच गळाला लागले.

शाकाहारी_चरई
माशांना फसवून, तोंडात आकडा अडकवून, वर फोटो काढून सोडून द्यायचं. खायचं असेल तर निदान समजू शकते. ही कुठली करमणूक? राग मानू नका, प्रामाणिक प्रश्न आहे.

जुना_गळ
राग नाही. प्रश्न मलाही पडतो, विशेषतः मासा रक्ताळतो तेव्हा. माझ्यापुरतं मी एवढंच करतो, की काटा दाबलेला हुक, ओले हात, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही आणि उन्हाळ्यात दुपारी पाणी तापलं की गळ गुंडाळायचा. याने तुमचं समाधान होईल असं वाटत नाही.

शाकाहारी_चरई
झालं नाही. पण आडून बोलला नाहीत, बरं वाटलं. बांधलेल्या माशांचे फोटो टाका, त्या सुंदर असतात. नुसत्या बांधून फ्रेम केल्यात तरी माझी हरकत नाही.

कळव्याचा_वाइंडिंगवाला
मी मोटार रिवाइंडिंग करतो. कुतूहल म्हणून वाचत होतो. यात तांब्याची तार लागते का?

जुना_गळ
लागते! फ्रँक सॉयर नावाचा इंग्लंडातला एक नदीरक्षक होता, त्याची फेझंट टेल नावाची माशी जगभर चालते. त्याने त्यात दोराच वापरला नाही, बारीक तांब्याची तार वापरली. बांधणीही तीच, वजनही तेच, आणि पिसांमधून मध्येच चमकते ती वेगळीच. पंख्याच्या मोटारीतली सगळ्यात बारीक तार कुठली असेल ती ठेवा.

कळव्याचा_वाइंडिंगवाला
भंगारात किलोने पडलीय. बगळेसाहेब, कधीही या, चहा पण पाजतो. तार गुंडाळताना एक लक्षात ठेवा, वेढ्याला वेढा चिकटून, वेढ्यावर वेढा नाही. आमच्याकडे तसं झालं की मोटार जळते. तुमचं फक्त माशावर भागतंय.

ऐरोलीचा_बगळा
हा धागा माझ्या दोऱ्यापेक्षा मजबूत निघाला. चिकनवाल्याच्या पिसांचं कोणी सांगा ना. हुकाभोवती फिरवली की लगदा होतो, व्हिडिओत ती कशी ताठ उभी राहतात.

जुना_गळ
ब्रॉयलर कोंबडी सहाएक आठवड्यांत कापतात. तेवढ्यात मानेची पिसं तयारच होत नाहीत, नुसती मऊ लव. तुम्हाला हवा गावरान कोंबडा, वर्षाच्या वरचा, मानेची आणि पाठीची लांब चमकदार पिसं. गावी कुणाकडे पाव्हणचार असेल तर पिसं मागून घ्या. डिशवॉशच्या पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. नाहीतर कसर लागते आणि एका पावसाळ्यात डब्यात नुसती भुकटी उरते. माझा पहिला डबा असाच गेला, आणि कसर तिथून बायकोच्या पैठणीकडे निघाली होती. वेळेत पकडली म्हणून आज लिहू शकतोय.

ताठ उभं राहायला हवंय ते पीस अंगभर गुंडाळताना निमुळत्या टोकाकडून सुरू करा, देठाकडून नाही. आणि मऊ पिसं फेकू नका. लगदा म्हणताय तोच वुली बगर नावाच्या माशीच्या शेपटीला हवा असतो. मूळ माशीत तिथे मॅराबू असतं, म्हणजे टर्कीचं फुलपाखरासारखं हलणारं पीस. स्नेहसंमेलनाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे पिसांचे हार असतात, तेच. फक्त पंखा बंद करा.

ऐरोलीचा_बगळा
पंख्याचं एक दिवस आधी सांगायला हवं होतं. काल एक पुडी फोडली. आज सकाळी पोह्यात निघालं.

खारबंदी_उरण
तुमी सगले बगर बगर करताय. ती माशी दिसते कशासारकी? आमच्या खाडीत असला किडा मी बगला नाय.

जुना_गळ
लाख बोललात. वुली बगर ही अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनियातली माशी, १९६०च्या दशकातली. बोटं वळवायला उत्तम, तलावातल्या चिलापीलाही चालते. पण जिताडा हवा असेल तर तो खातो त्याच्यासारखं बांधा. कोळंबी आणि बोयीची पिल्लं. क्लाउझर मिनो नावाची माशी बघा, १९८०च्या दशकात बॉब क्लाउझरने बांधली, तीही पेनसिल्व्हेनियातच. हुकाच्या दांडीवर जड डोळे बांधले की हुक पाण्यात उलटा होतो, टोक वर. म्हणून खारफुटीच्या मुळांत कमी अडकते.

डोळ्यांसाठी बेसिनच्या बुचाची बारीक गोळ्यांची साखळी घ्या. दोन-दोन गोळ्या कापायच्या, आठच्या आकड्यात दोरा फिरवून बांधायच्या. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस लावतात. आपण बोकडाचे.

रिकामटेकडा_कोपरी
मटणवाला शेपटीचा झुबका का ठेवतो ते आज कळलं. मला वाटायचं बोकडच आहे हे पटावं म्हणून.

नवा_सभासद_घणसोली
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. वरचं सगळं वाचलं नाही. गाठ सुटत असेल तर फेव्हिक्विक लावा.

दातांचा_डॉक्टर_वाशी
फेव्हिक्विक लावून बोट, हुक आणि व्हाइस एकत्र चिकटलेला फोटो माझ्याकडे आहे. पेशंटचा नाही.

नौपाड्याची_सुई
गंमत म्हणून मीही एक बांधून पाहिली, विद्यार्थिनीच्या नथीच्या मोत्यांचे डोळे लावून. मासा येईल की नाही माहीत नाही, पण भाची म्हणते कानात घालते. बगळेभाऊ, तुमचं काय झालं? महिना झाला.

ऐरोलीचा_बगळा
माफ करा, सांगायचं राहिलं. सुईताईंचा पॉलिस्टर दोरा, कळव्याची तार, बुचाची साखळी, बोकडाचे केस, आणि गणपतीच्या मखरातून उरलेल्या झिरमिळ्यांचे चार धागे. कोळंबी म्हणून बांधली. जुन्या गळांना फोटो पाठवला तर म्हणाले, कोळंबी कमी आणि दाढी केलेला झुरळ जास्त दिसतोय. पण डोकं सुटलं नाही. बादलीत रात्रभर ठेवली, बॅटवाला फास, तरी सुटलं नाही.

खारबंदीभाऊंनी मला खाजगीत त्यांच्या चुलतभावाच्या खाजणाचा पत्ता दिला होता. (दादा, आता सांगतोच सगळ्यांना.) रविवारी पहाटे गेलो. ओहोटी लागलेली, उघाडीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, खाजणाचं पाणी खाडीत पडत होतं, आणि त्या फेसाच्या कडेला बोयीची पिल्लं मध्येच सगळी एकदम उडत होती. खालून कोणीतरी हाकत होतं. पहिल्या सहा फेका वाऱ्याने खाल्ल्या. सातवी फेसात पडली. दोनदा लाइन ओढली, तिसऱ्यांदा ओढायला गेलो तर ओढताच येईना. वाटलं, परत मूळ. मग मूळ चालायला लागलं.

कडेला आणल्यावर एक ‘टप्’ असा आवाज केला त्याने, बाटलीचं बूच काढल्यासारखा. जिताडाच. चांदीसारखा, डोळा उजेडात लाल. माशी वरच्या ओठात, डोकं शाबूत, फक्त झिरमिळ्या गेल्या. हात ओले केले, पाण्यातच हुक काढला, सोडला.

शाकाहारी_चरई
सोडलात ते बरं केलंत. माझं मत तेच आहे.

खारबंदी_उरण
सोरला? जितारा सोरला??

रिकामटेकडा_कोपरी
चला, आता खरा धागा सुरू झाला.

ऐरोलीचा_बगळा
दादा, लहान होता. जेमतेम हाताएवढा. जिताडे आधी नर असतात, मोठे झाले की मादी होतात, असं वाचलं होतं. म्हटलं, होऊ दे मोठा.

खारबंदी_उरण
हाताएवरा म्हंजे कोनच्या हाताएवरा? बोटापासून का खांद्यापासून? माजे चुलतभावाला अजून सांगितलं नाय मी, त्याला झोप लागनार नाय. पुरच्या येलेला सोराचा आसंल तं आधी मला फोन कर, मी टोपली घेऊन येतू.

बाकी ती झुरलाची कोलबी चार बांधून दे. पैसं नाय देनार. कोलबी देईन, खरी.